प्रवेशाची वाट आणि निकालाची वार्ता

‘मॅट्रिक’ या शब्दाला आपल्या घरांत जो अर्थ मिळाला तो मूळचा नव्हे. मूळ लॅटिन शब्द नामावलीचा वाचक असून मॅट्रिक्युलेशन म्हणजे त्या नामावलींत नांव दाखल होणें, अर्थात् विद्यापीठांत प्रवेश. शाळेचा शेवट हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. १८ जुलै १८५७ रोजीं मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, तेव्हां त्याचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. म्हणजे शिकवावें कॉलेजांनीं आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठानें. १८५९ सालीं पहिली प्रवेशपरीक्षा झाली. शंभराहून अधिक उमेदवार बसले आणि विसांच्या आसपास उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे हे त्यांतलेच एक. तीन वर्षांनीं, १८६२ सालीं, रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे चौघे पहिले बी. ए. झाले.

हे आंकडे थोडे आहेत, पण त्यांत एक गोष्ट दडलेली आहे. त्या काळीं परीक्षेचा निकाल आणि प्रवेशाचा निर्णय या दोन गोष्टी नव्हत्याच. जो उत्तीर्ण झाला तो आंत गेला. उत्तीर्ण होऊनहि दाराबाहेर तिष्ठणारा विद्यार्थी ही नंतरच्या काळाची निर्मिति आहे. आज आपण ज्याला प्रवेशाची चिंता म्हणतों ती रानड्यांच्या पिढीला सांगून समजली नसती. त्यांची चिंता परीक्षेबरोबरच संपत असे.

ती संपे कशी, हें पाहण्यासारखें आहे. उत्तीर्णांची यादी प्रसिद्ध होई, वर्तमानपत्रें ती छापीत, आणि पुण्या-रत्नागिरीकडचा उमेदवार टपालाच्या वाटेकडे डोळे लावून बसे. ऐपतदाराला तार होती. बाकीच्यांना १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचें पोस्टकार्ड मिळूं लागलें. त्याचें उपकार मध्यमवर्गानें अजून पुरते मानलेले नाहींत. पोस्टकार्ड उघडेंच असल्यामुळें बातमी घरांत पोंचण्यापूर्वीं टपालवाल्याला ठाऊक होई आणि अनेकदां आळीलाहि. यादींत नांवें असत तीं उत्तीर्णांचींच. नापासाला कोणी कांहीं कळवीत नसे. यादी दोनदां-तीनदां वाचून झाल्यावर आपलें नांव नाहीं एवढेंच त्याला कळे.

निकाल असा चारचौघांत लागत असल्यामुळें त्याचा आनंदहि चारचौघांचा असे. १९०७ सालची मॅट्रिक भीमराव आंबेडकर उत्तीर्ण झाले, तेव्हां त्यांच्या सत्कारासाठीं मुंबईंत सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनीं आपलें बुद्धचरित्र त्यांना भेट दिलें. ज्या समाजाला शाळेच्या ओटीवरहि धड बसूं दिलें जात नव्हतें, त्या समाजांतील एका मुलाचें नांव विद्यापीठाच्या यादींत छापून आलें होतें. यादी सार्वजनिक होती म्हणून तें नाकारण्याची सोय कोणाला राहिली नाहीं.

परंतु संस्थेला पत्र लिहून, तिच्या उत्तराची वाट पाहून मिळवायचा प्रवेश आपल्याकडे प्रथम ठळकपणें दिसतो तो आनंदीबाई जोशींच्या चरित्रांत. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणास झाला, म्हणजे ठाणें जिल्ह्यांतच. गोपाळरावांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें, तें तिकडच्या मासिकांत छापलें गेलें, आणि न्यू जर्सींतील रोझेल येथील मिसेस कार्पेंटर यांनीं तें दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां वाचलें. एवढ्या योगायोगावर दोन घरांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षें चालला. पुढें ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटींत चढल्या. त्या वेळीं त्यांचें वय अठरा होतें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाकडे त्यांनीं केलेला अर्ज मात्र २८ जूनचा आहे, आणि तो रोझेलहून लिहिलेला आहे! म्हणजे समुद्र आधीं ओलांडला आणि अर्ज मागाहून केला.

याला कोणी साहस म्हणेल, कोणी अविचार. मला त्यांत हिशेब दिसतो. बंगालमधून अमेरिकेस पत्र पाठवून त्याचें उत्तर यावयाचें म्हणजे महिन्यांचा प्रश्न. त्यांत नकार आला, शंका विचारली गेली, तर आणखी तेवढेच महिने, आणि तोंवर इकडे विरोध करणाऱ्यांना रान मोकळें. दारांत उभ्या असलेल्या माणसाला नाहीं म्हणणें समुद्रापलीकडच्या माणसाला नाहीं म्हणण्याइतकें सोपें नसतें. अर्जांतहि त्यांनीं तेंच केलें. आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून मी येथवर आलें आहें, माझ्या देशभगिनी पुरुष डॉक्टराच्या हातून औषध घेण्यापेक्षां मरण पत्करतात, असें त्यांनीं स्पष्ट कळविलें. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजीं त्या एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या, बावीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं. त्या निघाल्या त्याच १८८३ सालीं मुंबई विद्यापीठानें आपलें दार स्त्रियांना उघडलें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस. एस. सी. नें घेतली, १९६६ पासून राज्य मंडळ आलें, आणि उत्तीर्ण होणें व जागा मिळणें यांची कायमची फारकत झाली. उत्तीर्ण लाखांनीं, नामांकित कॉलेजांतल्या जागा शेंकड्यांनीं. मग कॉलेजाच्या फलकावर गुणानुक्रमाची यादी लागूं लागली: पहिली, दुसरी, तिसरी. त्या फलकापुढें होणारी रेटारेटी वाईट खरी. पण आपल्या वर कोण आहे आणि खालीं कोण, हें तेथें प्रत्येकाला दिसत असे.

मीरा-भाईंदर हें या नव्या काळाचेंच शहर. मिठागरें, शेती आणि उत्तनकडची मासेमारी यांवर जगणारीं हीं गांवें १९८५ पासून नगरपरिषदेंत एकत्र येत गेलीं, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. २००९ पासून मुंबई परिसरांतील अकरावीचे प्रवेश संगणकाद्वारें होऊं लागले. २०२५ पासून ती पद्धति सर्व महाराष्ट्रास लागू झाली. येथील मुलगा पसंतिक्रम भरूं लागला कीं घरांत प्रथम चर्चा होते ती लोकलची. पार्ल्याचें कॉलेज वर लिहावें कीं भाईंदरचें? आणि हा प्रश्न पोरकट नाहीं, कारण पहिल्या पसंतीचें कॉलेज मिळालें तर तें घ्यावेंच लागतें; न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नांव बाद होतें. निर्णय आतां एकट्याला, हातांतल्या मोबाइलवर कळतो. शेजाऱ्याला काय मिळालें तें त्यानें सांगितलें तर कळायचें.

या वेगाची परीक्षा २०१७ सालीं झाली. त्या वर्षीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची रीत एकाएकी सर्व शाखांना लागू केली. निकाल लवकर लागावेत हा हेतु, झालें उलटें. कुलपतींनीं घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि उन्हाळ्यांतल्या परीक्षांचे निकाल लागतां लागतां पावसाळा सरत आला. विद्यापीठाला साठ वर शंभर वर्षें झालीं तीं याच जुलैंत. पदव्युत्तर प्रवेशाचे आणि परदेशीं जाण्याचे बेत करून बसलेल्या मुलांच्या हातीं गुणपत्रिका नव्हती, आणि ती केव्हां मिळेल हें सांगणारा कोणी नव्हता. ऑक्टोबरांत कुलगुरूंना पदावरून दूर करण्यांत आलें. तोंवर परदेशांतील विद्यापीठांचीं सत्रें सुरू होऊन गेलीं होतीं.