वाटेत हरवलेला माल : यवतमाळची परदेशी रवानगी आणि नुकसानीचा भार

परदेशी पाठवलेला माल वाटेत हरवला तर भुर्दंड कोणी सोसायचा, हा यवतमाळच्या व्यापारातला जुना प्रश्न आहे. जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तर-पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा या नद्या आहेत, आणि मुंबई–नागपूर हा मुख्य लोहमार्ग जिल्ह्याच्या बाहेरून जातो. त्यामुळे इथला कापूस असो की कापडी वस्तू, मुंबई बंदरापर्यंत जाताना ती तीन-चार वेळा तरी हात बदलते. माल गहाळ होतो तो बहुधा या हातबदलाच्या जागी. तिथे कोणी कोणाला कसली पावती दिली, यावर नुकसानीचा निकाल लागत आला आहे.

रेल्वेपूर्व काळात यवतमाळ ज्यात येते त्या वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर जाई. त्याचा मोठा ओघ जबलपूरमार्गे गंगाकाठच्या मिर्झापूरला आणि तिथून नावेने कलकत्त्याला होता. मुंबईकडे पहिली लक्षणीय रवानगी १८२५-२६ मध्ये विकाजी-पेस्तनजी या पेढीने केली. ५०० बैलांवर १,२०,००० पौंड कापूस गेला, म्हणजे दर बैलामागे २४० पौंड. नदीचा उतार, अवकाळी पाऊस, चोर आणि जागोजागचे जकातनाके अशी ही वाट होती. तिच्यावर मराठी मुलुखातल्या व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे हुंडेकरी. तो ठरावीक एकरकमी हुंडा भाड्यात माल पोहोचवण्याची हमी घेई. वाहतूक, जकाती आणि वाटेची जोखीम हे सारे त्या रकमेत येत असे. मालधन्याला प्रत्येक नाक्याचा हिशेब ठेवावा लागत नसे आणि तक्रार करायला एकच माणूस समोर असे. पश्चिम किनाऱ्यावर याच गरजेतून जोखमी हुंडी चालू झाली. जहाज सुखरूप लागले तरच ती वटे. माल बुडाला तर हुंडीत पैसे घातलेल्याचे पैसे जात, माल पाठवणाऱ्याचे नाहीत. कर्ज आणि विमा एकाच कागदात बसवणारी ही व्यवस्था देशी व्यापाराची मोठी कामगिरी आहे. तिला आजच्या व्यापारशिक्षणात मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. १८६४ मध्ये वेगळा जिल्हा झाला. तो आधी आग्नेय वऱ्हाड आणि पुढे वणी या नावाने ओळखला गेला, आणि १९०५ पासून यवतमाळ. दरम्यान अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या कापसाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. यवतमाळचा कापूस आता गाड्यांतून धामणगाव स्टेशनावर जाऊ लागला. प्रवास आठवड्यांवरून दिवसांवर आला, पण हुंडेकरी मागे पडला आणि त्याच्याबरोबर एकट्याने घेतलेली हमीही गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत किलिक निक्सन या मुंबईच्या ब्रिटिश पेढीने मूर्तिजापूर–यवतमाळ हा अडीच फुटी अरुंद मार्ग उभारला. त्यावरची गाडी पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेली. कारंजा, दारव्हा या कापूसपट्ट्यातून जाणारी ही गाडी कापसासाठीच होती. तिचा रूळ मुख्य मार्गाच्या साडेपाच फुटी रुळाशी जुळत नव्हता, म्हणून मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. सुमारे ४०० पौंडांची दाबलेली गाठ भिजणे, फाटणे, तिच्यावरची खूण पुसली जाणे किंवा दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या ढिगात जाणे या गोष्टींना अशा ठिकाणी वाव असतोच. गाठ कोणाची हे सांगायला दोनच गोष्टी होत्या, गोणपाटावरची खूण आणि व्यापाऱ्याच्या हातातली बिल्टी, म्हणजे रेल्वेची मालपावती.

या बिल्टीमागचा कायदा मात्र व्यापाऱ्याच्या बाजूचा नव्हता. १८९० च्या रेल्वे कायद्यानुसार माल पाठवणारा ‘रिस्क नोट’ लिहून देऊन कमी दराने माल पाठवू शकत असे. त्या सहीने रेल्वे बऱ्याचशा जबाबदारीतून मोकळी होई. भाड्यात वाचलेले पैसे दिसत, सोडून दिलेला हक्क माल गेल्यावरच लक्षात येई. माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत लेखी दावा केला नाही तर भरपाईचा हक्क बुडे. मालाच्या सुरक्षिततेची पूर्ण जबाबदारी रेल्वेवर टाकणारा बदल १ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. तोवर वऱ्हाडचा कापूस जवळपास शतकभर या रुळांवरून गेला होता.

मुंबईत गाठ जहाजावर चढली की बिल्टीची जागा ‘बिल ऑफ लेडिंग’ घेई. १८५६ च्या कायद्याने या कागदाबरोबर मालावरचे हक्क आणि दावेही हस्तांतरित होऊ लागले. म्हणून लिव्हरपूलचा खरेदीदार माल न पाहता पैसे मोजू शके. १९२५ च्या सागरी मालवाहतूक कायद्याने जहाज कंपनीची जबाबदारी दर नगामागे १०० पौंडांवर बांधली आणि दाव्याला एक वर्षाची मुदत दिली. त्यावरचा तोटा विमा कंपनीने भरून द्यायचा होता. या साखळीची कसोटी १४ एप्रिल १९४४ ला लागली. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कराचीहून आलेल्या कापसाच्या गाठींना आग लागली, त्याच जहाजावरचा दारूगोळा फुटला आणि गोदीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. एवढे नुकसान नेहमीच्या विम्याच्या चौकटीत बसणारे नव्हते. सरकारला वेगळा अध्यादेश काढून भरपाई द्यावी लागली.

छोट्या मालाचा रस्ता टपालाचा होता. भारत १ जुलै १८७६ रोजी जागतिक टपाल संघात आला. १८७७ मध्ये मूल्यदेय टपाल (व्हीपीपी) आणि १८७८ मध्ये टपाल विमा सुरू झाला. व्हीपीपीमुळे तालुक्याच्या गावातला दुकानदारही अनोळखी गिऱ्हाइकाला माल पाठवू लागला, कारण पैसे पोस्टमनच्या हाती पडत. पण १८९८ च्या टपाल कायद्याने स्पष्ट केले की गिऱ्हाइकाकडून रक्कम मिळेपर्यंत सरकार तिला बांधील नाही. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने वस्तू हरवणे, चुकीच्या हाती पडणे, उशीर किंवा खराबी यांची जबाबदारी सरकारने नाकारली. अपवाद होता तो स्पष्ट शब्दांत पत्करलेल्या जबाबदारीचा, म्हणजे मुख्यतः विम्याचा. मोठ्या व्यापाऱ्याकडे वकील आणि विमेदार होते. लहान विक्रेत्याकडे फक्त पोस्टाची पावती होती, आणि हा अन्याय त्याच्याच वाट्याला अधिक आला.

आज परदेशी माल पाठवणारा यवतमाळचा विक्रेता अनेकदा एकटी व्यक्ती किंवा बचत गट असतो. डिसेंबर २०२२ पासून टपाल खात्याने देशभर डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली, आणि निर्यातीचे सीमाशुल्क घोषणापत्र जवळच्या टपाल कार्यालयातून ऑनलाइन भरण्याची सोय झाली. लमाणी भरतकामाची पिशवी पुसदहून थेट लंडनला निघू शकते. मात्र जोखमीचा नियम उलटला आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार माल वाहतूकदाराच्या हाती दिला की सामान्यतः तो खरेदीदाराला दिल्यासारखाच धरला जातो. ऑनलाइन बाजारपेठांच्या अटी बहुधा याच्या विरुद्ध असतात. माल पोहोचल्याचा पुरावा नसेल तर गिऱ्हाइकाचे पैसे परत जातात आणि तोटा विक्रेत्याच्या खात्यावर पडतो. पिशवीही जाते, टपालखर्चही जातो.

अशा वेळी आधार असतो तो तेरा चिन्हांच्या बारकोडचा. दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे, अशी त्याची रचना असते. प्रत्येक हातबदलाला तो वाचला जातो. हरवली म्हणून गणलेली कित्येक पार्सले प्रत्यक्षात परदेशी सीमाशुल्कात अडकलेली किंवा अपुऱ्या पत्त्यामुळे परतीच्या वाटेवर असतात. म्हणून शेवटची नोंद कुठली, हे आधी पाहावे लागते. त्यानंतर ‘सीएन ०८’ या नमुन्यात चौकशी अर्ज करायचा असतो. जागतिक टपाल संघाच्या नियमांत त्याला पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ज्या देशाच्या टपालाने वस्तू बिनतक्रार ताब्यात घेतली आणि जे ती पुढे सोपवल्याचे किंवा वाटल्याचे दाखवू शकत नाही, ते जबाबदार ठरते. मूर्तिजापूरच्या फलाटावर गाठींबाबत हाच वाद होता. नोंदणीकृत वस्तूची भरपाई वस्तूच्या किमतीवर मोजली जात नाही. ती एसडीआर या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एककात बांधलेली असते, आणि विम्याविना मौल्यवान माल पाठवणाऱ्याला ती पुरत नाही.

१८९८ चा कायदा जाऊन टपाल कार्यालय कायदा २०२३ हा १८ जून २०२४ पासून अमलात आला, पण जबाबदारीतून सूट देणारे तत्त्व त्यातही कायम राहिले. लहान निर्यातदार वाढावेत असे सरकारला वाटत असेल, तर हुंडेकऱ्याप्रमाणे भाड्यातच जोखीम घेणारी स्वस्त सेवा टपाल खात्याने द्यायला हवी. तोवर विक्रेत्यांनी किमती माल विम्याशिवाय पाठवू नये, पावती व घोषणापत्राची प्रत जपावी आणि सहा महिन्यांची मुदत चुकवू नये.