संमिश्र द्रव्ये

भिन्न गुणधर्मांची दोन वा अधिक द्रव्ये एकमेकांत न विरघळता, आपापले अस्तित्व राखून, परंतु परस्परांची उणीव भरून काढतील अशा रीतीने बांधली असता जो पदार्थ सिद्ध होतो, त्यास संमिश्र द्रव्य म्हणतात. ताण सोसणारा तंतू आणि त्यास जागच्या जागी धरून भार वाटून देणारे बंधक द्रव्य, ही त्याची दोन अंगे. कारवीचा कूड शेणमातीने लिंपून भिंत उभी करणाऱ्यास हे तत्त्व निराळे शिकवावे लागत नाही.

व्यवहारात ज्यास नुसते ‘फायबर’ म्हणतात तो बहुधा काचतंतू व पॉलिएस्टर राळ यांचा संयोग असतो. वितळलेली काच प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या सच्छिद्र पात्रातून वेगाने ओढून काही मायक्रॉन जाडीचे तंतू काढण्याचे कारखाने रायगड जिल्ह्यात तळोजे व गोव्यात कोलवाळ येथे निघाले. गोव्यातीलच पिळर्ण येथील किनेको कंपनी अशा तंतूंपासून रेल्वेसाठी भाग घडविते. कार्बनतंतू याहून ताठ व हलका, पण महाग. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या ‘तेजस’ विमानाच्या बांधणीत त्याचा मोठा वाटा आहे.

वसई तालुक्यातील वटार, राजोडी, अर्नाळा या किनारपट्टीस हा विषय होडीच्या वाटेने येऊन भिडतो. शेजारचे आगाशी हे, १५३० व १५३१ साली पोर्तुगीजांनी लुटलेले बंदर, जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते, आणि ती सारी विद्या लाकडाची होती. फायबरच्या होडीस सांधे नाहीत, म्हणून सांध्यांत कापूस ठासण्याचे काम नाही, आणि कीड लागण्याचे भयही नाही. साच्याला मेण घासून त्यावर जेलकोटचा, म्हणजे बाहेरच्या अंगाला येणाऱ्या राळेच्या लेपाचा, पातळ थर देतात. तो चिकटसर झाला की काचतंतूंची मॅट अंथरून ब्रशाने राळ पाजतात व खाचांच्या रोलरने आतील हवा दाबून काढतात. राळेत शेकडा एक-दोन या प्रमाणात हार्डनर घातला की कारागिराच्या हाती अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा अवधी उरतो; डब्यात जास्त राळ कालवून ठेवली तर ती आपल्याच उष्णतेने धुरू लागते. कोबाल्टचा वेगवर्धक आणि हा हार्डनर परस्पर एकत्र करणे तर स्फोटास आमंत्रण होय. राळ जास्त पडली म्हणजे होडी मजबूत झाली, हा नवशिक्यांचा लाडका गैरसमज. बळ तंतूचे असते, आणि हाताने घडविलेल्या मॅटच्या थरात तंतूचे वजन जेमतेम तिसरा हिस्सा भरते.

पंचाईत होते ती दुरुस्तीच्या हंगामात. सरकारी मासेमारीबंदीमुळे जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि नेमकी तेव्हाच हवा इतकी ओली असते की काचतंतूंवर धरलेल्या दमटपणामुळे राळेची पकड सैल पडते. जेलकोटखाली पाणी शिरून आलेले फोड घासून काढल्यावर तो भाग छपराखाली पुरता वाळविल्यावाचून नवा थर चढवू नये, हा नियम सांगण्यास सोपा व पाळण्यास कठीण आहे.

वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे येथील लघुउद्योगांच्या वसाहती, वा अन्यत्र जेथे जेथे हे काम चालते, तेथे उग्र दर्प येतो तो राळेतील स्टायरिनचा. वायुवीजन व हातमोजे यांत काटकसर करणे मुळीच परवडणारे नाही. शिवाय एकदा कडक झालेली ही राळ पुन्हा वितळत नसल्याने जुन्या सांगाड्यास भंगारात किंमत येत नाही. जर्मनीत अशा अवशेषांचा चुरा सिमेंटच्या भट्टीत घालतात. तेथे राळ इंधन म्हणून जळते आणि काच सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळून जाते.