वाजवणे, खेळणे, वाजू देणे : एका मुक्या गिटारचा इतिहास

इंग्रजीत पियानो आणि फुटबॉल ह्या दोहोंसाठी एकच क्रियापद पुरते. फ्रेंच आणि जर्मन ह्या भाषांनाही निराळे क्रियापद लागत नाही. मराठीने मात्र ह्या दोन व्यवहारांमध्ये भिंत उभी केली आहे. पेटी वाजवायची असते आणि पत्ते खेळायचे असतात. 'ती पेटी खेळते' असे कोणी म्हणाले, तर एखादी लहान मुलगी पेटीची नासधूस करीत आहे असेच आपण समजू. 'वाजवणे' हे 'वाजणे'चे प्रयोजक रूप आहे. म्हणजे वाजण्याची क्रिया वस्तूची असते आणि ती घडवून आणणारा कर्ता निराळा असतो. 'वाजणे' आणि 'वाद्य' हे दोन्ही शब्द 'वद्', म्हणजे बोलणे, ह्या धातूपर्यंत पोहोचतात. ज्याला बोलते करायचे ते वाद्य, अशी व्याख्या आपल्या भाषेने शब्दातच बांधून ठेवली आहे.

ह्या व्याख्येची कसोटी पाहणारी एक वस्तू एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील घराघरांत शिरली. नोव्हेंबर २००५ मध्ये 'प्लेस्टेशन २' ह्या यंत्रासाठी 'गिटार हीरो' नावाचा खेळ बाजारात आला. त्याच्याबरोबर एक प्लॅस्टिकची गिटार मिळत असे. तिची आकृती गिब्सन कंपनीच्या 'एसजी' ह्या नामांकित गिटारवर बेतलेली होती. तिला तार एकही नव्हती. मानेवर जेथे पडदे असावयाचे तेथे हिरवे, तांबडे, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे होती. जेथे नखीने तार छेडावयाची तेथे वरखाली हलणारी एक पट्टी होती, आणि तिच्याजवळ सूर थरथरवण्यासाठी एक दांडी. यंत्राची जोड काढून टाकली की ह्या गिटारमधून बटणांच्या आणि पट्टीच्या टकटकीखेरीज काहीही ऐकू येत नसे. 'वद्' धातूचा निकष लावला तर ही वस्तू मुकी होती.

खेळाची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण सारा वाद तिच्यातच दडलेला आहे. पडद्यावर गिटारच्या मानेसारखा एक पट्टा खेळणाऱ्याच्या दिशेने सरकत येतो. त्यावरील रंगीत खुणा तळाच्या रेषेपाशी पोहोचतील त्या क्षणी त्या रंगाचे बटण दाबून पट्टी छेडायची. वेळ साधली तर गाण्यातील गिटारचा भाग ऐकू येतो. चुकली तर तेवढा भाग गप्प होतो आणि एखादा बेसूर आवाज उमटतो. फार चुका झाल्या तर पडद्यावरचे श्रोते हुर्यो उडवतात आणि गाणे अर्ध्यात बंद पडते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की गाणे आधीच ध्वनिमुद्रित झालेले आहे. खेळणारा सूर निर्माण करीत नाही. तो तयार सुराला वाट मोकळी करून देतो. इंग्रजी क्रियापदाला हा फरक दाखवता येत नाही. मराठीला येतो: हे 'वाजवणे' नाही, 'वाजू देणे' आहे.

ह्या वस्तूचा पूर्वेतिहास जपानमध्ये सुरू होतो. मासाया मात्सुउरा ह्यांच्या 'पाराप्पा द रॅपर' (१९९६) ह्या खेळाने लयीवर बटणे दाबण्याची कल्पना लोकप्रिय केली. पुढे कोनामी कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'गिटारफ्रीक्स' हा खेळ जपानी आर्केडमध्ये आणला. त्याच्या गिटारला तीन बटणे आणि छेडण्याची एक कळ होती. अमेरिकेतील धागा निराळा आहे. ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरान एगोझी ह्या एमआयटीतील दोघांनी १९९५ मध्ये हार्मोनिक्स ही संस्था काढली. ज्यांना कोणतेही वाद्य येत नाही त्यांना संगीतनिर्मितीचा आनंद द्यावा, हा त्यांचा मूळ हेतू होता. त्यांच्या 'द ॲक्स' ह्या पहिल्या उत्पादनात जॉयस्टिक हलवून साथीच्या संगीतावर स्वतःची सुरावट रचता येत असे. ते चालले नाही. 'फ्रीक्वेन्सी' (२००१) आणि 'ॲम्प्लिट्यूड' (२००३) ह्या खेळांना जाणकारांची दाद मिळाली, पण मोठा ग्राहकवर्ग मिळाला नाही. नंतर नृत्याच्या खेळांसाठी पायाखालच्या चटया बनवणाऱ्या रेडऑक्टेन कंपनीच्या ह्वांग बंधूंशी त्यांची गाठ पडली, आणि त्या भेटीतून 'गिटार हीरो' जन्मला.

ह्या क्रमात एक विरोधाभास आहे. लोकांच्या हाती निर्मितीचे स्वातंत्र्य दिले तेव्हा त्यांनी पाठ फिरवली. दुसऱ्याचे गाणे चुका न करता पार पाडण्याची कामगिरी दिली तेव्हा त्यांनी गर्दी केली. आम्हांस ह्यात श्रोत्यांचा आळस दिसत नाही. कोऱ्या कागदापुढे बसलेल्या विद्यार्थ्याला लिहिता येत नाही आणि चांगल्या कवितेचे मोठ्याने वाचन करताना त्याच्या अंगात बळ येते, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे. नियम आणि संहिता ह्यांच्या आधाराने मनुष्य आधी उभा राहतो आणि मग चालू लागतो.

यश मोठे होते. २००६ मध्ये ॲक्टिव्हिजनने रेडऑक्टेन विकत घेतली आणि एमटीव्हीने हार्मोनिक्स. २००७ मध्ये दोघांचे खेळ समोरासमोर आले: एकीकडे 'गिटार हीरो ३', दुसरीकडे गिटारच्या जोडीला ढोल आणि ध्वनिक्षेपक देणारा 'रॉक बँड'. 'गिटार हीरो ३'ची विक्री शंभर कोटी डॉलरांपलीकडे गेल्याचे ॲक्टिव्हिजनने २००९ मध्ये जाहीर केले. खेळणारा चुकला की केवळ गिटारचाच भाग गप्प व्हावा, यासाठी मूळ ध्वनिमुद्रणातील प्रत्येक वाद्याची फीत स्वतंत्र लागते. सेक्स पिस्टल्स ह्या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या गाजलेल्या गाण्याच्या अशा फिती सापडेनात, तेव्हा त्यांनी ते गाणे ह्या खेळासाठी नव्याने ध्वनिमुद्रित केले. बंडखोरीचे गाणे तीस वर्षांनी पुन्हा मुद्रित व्हावे, आणि तेही खेळण्यासाठी, ही घटना संगीताच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवावी अशी आहे.

वस्तू वाद्य आहे की नाही, हा प्रश्न लवकरच न्यायालयात गेला. गिब्सनकडे १९९९ चे एक पेटंट होते. खरे वाद्य हाती घेऊन ध्वनिचित्रमुद्रित मैफलीत सहभागी झाल्याचा भास घडवणाऱ्या यंत्रणेचे ते होते. ज्या खेळाला स्वतःच्या गिटारींची आकृती वापरू दिली, तोच आपल्या पेटंटचा भंग करतो असा दावा गिब्सनने २००८ मध्ये केला. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने तो फेटाळला. पेटंटाचा संबंध वाद्यातून निघणाऱ्या ध्वनिसंकेताशी होता, आणि खेळातली गिटार तसा संकेत देतच नाही. ती बटण दाबले गेल्याची केवळ खबर देते. शंभर वर्षांपूर्वी, १९०८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असाच पेच होता. आपोआप वाजणाऱ्या पियानोत, म्हणजे पियानोलात, घालण्याची छिद्रांची कागदी गुंडाळी ही छापील स्वरलिपीची प्रत ठरते काय? मनुष्याला ती वाचता येत नाही, म्हणून ती प्रत नव्हे, असा निर्णय झाला. पुढच्याच वर्षी कायदा बदलावा लागला. नवी वस्तू आली की जुनी व्याख्या अपुरी पडते. मग व्याख्या ताणायची की नवी करायची, एवढाच प्रश्न उरतो.

पियानोलाची आठवण आणखी एका कारणाने करावी लागते. अमेरिकन बँडमास्टर जॉन फिलिप सूझा ह्यांनी १९०६ मध्ये यांत्रिक संगीताविरुद्ध एक तिखट निबंध लिहिला. यंत्र घरात आले की घरगुती, हौशी वादक नाहीसा होईल, ही त्यांची भीती. 'एवढा वेळ खरी गिटार शिकण्यात घालवला असता तर' हा 'गिटार हीरो'वरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे त्याच भीतीची पुढची आवृत्ती होय. आपल्याकडेही वाद्याच्या लायकीचा वाद झालेला आहे. मराठी संगीत नाटकाने पेटीला मानाची जागा दिली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली; पण आकाशवाणीने १९४० मध्ये तिला हद्दपार केले आणि १९७१ नंतरच दार थोडे उघडले. पट्ट्यांवर मींड निघत नाही, दोन पट्ट्यांमधल्या श्रुती सापडत नाहीत, हा तिच्यावरील आरोप खोटा नव्हता. तरीही कलावंतांनी त्या मर्यादेतूनच वादनाची शैली घडवली. मर्यादा दाखवून दिल्याने वाद्याचा निकाल लागत नाही, एवढे त्या प्रकरणातून शिकता येते.

अभ्यासकांनी ह्या खेळाकडे कसे पाहिले? किरी मिलर ह्या संगीत-मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आहेत. त्यांचे 'प्लेइंग अलाँग' हे पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आवाज आणि त्याचा उगम ह्यांची फारकत सांगण्यासाठी कॅनडाचे संगीतकार मरी शेफर ह्यांनी 'स्किझोफोनिया' हा शब्द बनवला होता. मिलर ह्यांनी तो उलटा फिरवला. त्यांच्या मते खेळणारा आपल्या शरीराच्या हालचाली त्या तुटलेल्या आवाजाला पुन्हा जोडून देतो. आवाज दुसऱ्याचा, देह आपला, आणि प्रयोग दोघांचा मिळून. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. तमाशाचा 'खेळ' असतो, दशावताराचा 'खेळ' असतो. वाजवणे आणि खेळणे ह्यांच्यातल्या ज्या भिंतीचा आम्ही आरंभी उल्लेख केला, तिला आपल्याच भाषेने येथे एक दार ठेवले आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्या खेळातील आणखी एक गोष्ट पाहावी. प्रत्येक गाणे चार पातळ्यांवर मांडलेले असते. सर्वांत सोप्या पातळीवर तीनच बटणे लागतात, दुसरीवर चार, वरच्या दोहोंवर पाचही. गाणे तेच, मांडणी चार प्रकारची. कोणता सूर ठेवावा, कोणता गाळावा, सहा तारांवरची करामत पाच रंगांत कशी बसवावी, हे कोणीतरी कान देऊन ठरवलेले असते. हे काम मुलांसाठी ग्रंथाचा संक्षेप करणाऱ्याचे किंवा भाषांतरकाराचे आहे. मूळ रचनेचा कणा कोणता, ह्याविषयीचा अभिप्राय त्यात अपरिहार्यपणे उमटतो; म्हणून ही मांडणी टीकेचाही एक प्रकार ठरते.

आता 'वाजवणे' ह्या शब्दाकडे परत येऊ. ही गिटार बटण दाबल्याची केवळ खबर देते, हे न्यायालयाचे निरीक्षण खरे होते. पण ती खबर कोणाला द्यावी हे बदलता येते. १९८३ पासून वाद्ये आणि संगणक ह्यांच्यात 'मिडी' ही सामायिक बोली चालत आली आहे. गिटार संगणकाला जोडावी, तिच्या खबरांचे मिडीत रूपांतर करणारी आज्ञावली लिहावी, की तीच मुकी वस्तू संश्लेषकाला बोलती करते. अनेक हौशी कलावंतांनी हे केले. पाच बटणांचे दाबलेल्या-सोडलेल्या स्थितींचे ३२ मेळ होतात. पट्टी वर आणि खाली अशी दोन्हीकडे छेडता येते. गिटार उभी धरली की तेही यंत्राला कळते. शिवाय ती दांडी पायरीपायरीने चालत नाही, सलग सरकते. म्हणून तिच्यावर सूर ओढण्याचे काम सोपवता येते. पेटीवर ज्या उणिवेचा ठपका होता, ती मींड ह्या खेळण्यातून अल्प प्रमाणात का होईना काढता येते. खुद्द कंपनीनेही २००८ च्या 'गिटार हीरो वर्ल्ड टूर'मध्ये स्वतःचे संगीत रचण्याची सोय दिली. पियानोलाचे असेच झाले होते. कॉनलन नॅनकॅरो ह्या संगीतकाराने त्याच छिद्रांच्या गुंडाळ्या स्वतःच्या हाताने कोरून, दहा बोटांना न झेपणारे संगीत लिहिले. पुनरावृत्तीचे यंत्र निर्मितीचे साधन झाले.

ह्यानंतरचा इतिहास उताराचा आहे. आवृत्त्यांचा पूर आला, मंदी आली, घरे प्लॅस्टिकच्या गिटारींनी भरली. २०१० च्या 'रॉक बँड ३'ने १०२ बटणांची गिटार देऊन खऱ्या वादनाकडे पूल बांधण्याचा प्रयत्न केला. २०११ मध्ये 'रॉकस्मिथ'ने खरी गिटारच जोडायला सांगितली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजनने मूळ मालिका थांबवली. २०१५ मध्ये 'गिटार हीरो लाइव्ह' हा पुनरागमनाचा प्रयत्न झाला. त्यातील बहुसंख्य गाणी कंपनीच्या सर्व्हरवर होती. डिसेंबर २०१८ मध्ये ते बंद झाले आणि ग्राहकाच्या हाती डिस्कवरची ४२ गाणी उरली. ह्या परंपरेला तगवून धरले ते हौशींनी. 'क्लोन हीरो' ह्या विनामूल्य खेळात जुन्या गिटारी चालतात आणि गाण्यांची मांडणी खेळणारेच करतात. २०२१ मध्ये हार्मोनिक्स एपिक गेम्सच्या मालकीची झाली. २०२३ च्या अखेरीस आलेल्या 'फोर्टनाइट फेस्टिव्हल'मागे तीच मंडळी होती.

नावाचा प्रश्न आम्ही इतका लांबवला तो केवळ शब्दांच्या हौसेपायी नव्हे. पियानोलाच्या गुंडाळ्या आज ग्रंथालये जतन करतात, कारण त्यांना आपण संगीताची कागदपत्रे मानले. बंद पडलेल्या सर्व्हरवरच्या मांडणीला तो मान मिळाला नाही, कारण ती 'खेळ' ठरली, आणि खेळ संपला की पट उचलून ठेवायचा असतो. नाव चुकले की जतनही चुकते. मराठीत ह्या व्यवहारासाठी तीन क्रियापदे हाताशी आहेत: गुणांसाठी धडपडणारा खेळतो, ध्वनिमुद्रित सुराला देह देणारा वाजू देतो, आणि त्या पाच बटणांतून स्वतःची सुरावट काढणारा वाजवतो. एकाच संध्याकाळी, एकाच हातात तीच गिटार असताना, ही तिन्ही कामे होऊ शकतात. टीकाकाराने निदान त्यांची सरमिसळ करू नये.