मुंबईचा दिवाणखाना

पुण्याची, नागपूरची पाहुणेमंडळी आली की चौपाटीवरचे दिवे पाहतात, सिनेमातला तो दोन जिन्यांचा आणि झुंबरांचा महाल त्यांना आठवतो, आणि चहाचा पेला हाती घेताघेता म्हणतात, "काही म्हणा वहिनी, तुमची मुंबई म्हणजे सगळा भपका!" दादर-माटुंग्याकडच्या आपण बायकांनी हे इतक्यांदा ऐकले आहे की हल्ली उत्तरही देववत नाही. यंदा स्मरणिकेसाठी काही लिही, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा हेच उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे मनात आले.

प्रथम शब्दाचेच पाहा. दिवाणखाना हा फारसीतून आलेला शब्द. दिवाणाचे, म्हणजे दरबारी कामकाजाचे ते ठिकाण. तेव्हा ती खोली मुळात पुरुषांची. जुन्या वाड्यांतून आणि गिरगावातल्या सधन घरांतून लोड-तक्के, हंड्या-झुंबरे, आरसे, सारे काही त्या खोलीत असे. बायकांचा वावर मात्र माजघरात आणि स्वयंपाकघरात. लेकीसुना तेथे दिसायच्या त्या पानसुपारीचे तबक दाराशी आणून देण्यापुरत्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडावर भरगच्च कोरीव काम केलेल्या खुर्च्या, टेबले, कोच बनत. साहेबलोक ते हौसेने घेत, आणि साहेबांचे पाहून आपले शेठलोकही घेत. भपका म्हणायचाच असेल तर तो हा! त्या वेलबुट्टीत धूळ कशी जाऊन बसते आणि पावसाळ्यात तिला बुरा कसा चढतो, हे मात्र पुसणाऱ्या हातांनाच ठाऊक.

हा दरबारी थाट मोडला तो कोणा सुधारकाने नव्हे, जागेच्या टंचाईने. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीच्या वस्त्या फोडून उत्तरेकडे दादर-माटुंग्याची आखणी झाली. गिरणगावात चाळी उठल्याच होत्या. पुढे १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. आता १६० चौरस फुटांत दिवाणखाना कोणता आणि माजघर कोणते? वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात गेल्या, भांडी फळीवर चढली, जमीन पुसून सतरंजी अंथरली की झाली बैठकीची खोली. पाहुणा आला तर तो घरच्या बाईसमोरच बसणार, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. चाळीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. सामाईक नळ आणि सामाईक संडास यांत कसली आली आहे शोभा? पण मोकळी जमीन हीच घराची शोभा, ही गोष्ट मुंबईच्या बाईला शिकवली ती या खोलीने.

तसे पाहिले तर या शहरातला सर्वांत प्रसिद्ध बैठकीचा कमरा गामदेवीच्या मणिभवनात आहे, आणि ते घर होते एका जवाहिऱ्याचे, रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत येत तेव्हा तेथे उतरत. गादी, चरखा, बसके लिहिण्याचे मेज, बस्स! ज्या भगिनींनी तो पाहिला नसेल त्यांनी सहलीच्या वेळी अवश्य पाहावा.

मधल्या स्थितीतल्या माणसांचा दिवाणखाना घडला तो १९३० नंतरच्या दशकात. सिमेंट-काँक्रीट आले, त्यामुळे भिंती सडपातळ झाल्या आणि खिडक्या रुंद. नोव्हेंबर १९३७ मध्ये वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने टाउन हॉलमध्ये आदर्श गृहाचे प्रदर्शन भरवले. सजवलेल्या खोल्या, विजेची उपकरणे, नव्या तऱ्हेचे सामान लोकांना तेथे पाहायला मिळाले. कोरीव सिंह-मोरांची सद्दी संपली; बसक्या खुर्च्या आणि गोलवलेले कोपरे आले. याच काळात गजानन बाबूराव म्हात्रे यांच्यासारखे मराठी वास्तुशिल्पज्ञ पुढे आले. मरीन ड्राइव्हवरचा सूना महाल आणि ओव्हलसमोरचे एम्प्रेस कोर्ट ही त्यांची कामे. बाहेरून पाहाल तर चार रेघा, एक वळण आणि खिडकीवर छज्जा, एवढाच काय तो साज. पण तो छज्जा पावसाची झड अडवतो आणि दुपारचे ऊनही. दिमाख हवा होता तो चित्रपटगृहांना! रीगल १९३३ चे, ईरॉस १९३८ चे. तेथला सोनेरी झगमगाट पाहून लोकांनी घरांचीही तीच कल्पना करून घेतली. या शैलीला पुढे आर्ट डेको म्हणू लागले, तेही १९६८ च्या सुमारास. तिच्यात राहणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल-मरीन ड्राइव्ह परिसराला जागतिक वारसा ठरवले, तेव्हा आम्हांला कळले की आपण वारशात कपडे वाळत घालत होतो.

पायाखालच्या लादीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. स्वदेशीच्या भावनेने १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला आणि परदेशी फरशीला तोडीस तोड अशी सिमेंटची रंगीत लादी इथे बनू लागली. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनीकडच्या घरांतून ती नक्षीची, नाहीतर मोझाइकची जमीन अजूनही दिसते. उन्हाळ्यात तिच्यावर नुसते पडून राहावे! हळदीकुंकवाला चाळीस-पन्नास बायका याच जमिनीवर दाटीवाटीने बसत आल्या. दिवाणाची ती खोली आपली झाली ती अशी, आणि आपल्या मंडळाच्या सुरुवातीच्या सभाही अशाच कोणाच्या तरी दिवाणखान्यात भरल्या.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आले आणि सगळ्या खुर्च्यांची तोंडे एका भिंतीकडे वळली. शोकेस आली, तिच्यात काचेचे हंस आले. असो. आमच्याकडेही होते.

आता पुनर्विकास आला आहे. बीडीडी चाळींतल्या वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत जन्म काढलेल्या बायकांना स्वतंत्र हॉल मिळाला, यापरता आनंद कोणता? पण आमची इमारत पाडली तेव्हाची गोष्ट मनातून जात नाही. सामान हलवायच्या गडबडीत सासूबाईंचे शिसवी बाकडे मी भंगारवाल्याला देऊन टाकले, आणि जमिनीची एक लादी काढून ठेवावी हे सुचेपर्यंत वर राडारोडा पडला होता. नव्या घरात पांढरीशुभ्र गुळगुळीत फरशी आहे. पाऊल घसरते.

आपल्या सभासदांपैकी सहा-सात जणींच्या इमारती येत्या वर्ष-दोन वर्षांत जायच्या आहेत असे कळते. त्यांनी घर रिकामे करण्यापूर्वी बैठकीच्या खोलीचे एक छायाचित्र काढावे, जमिनीसकट, आणि ते कार्यालयात आणून द्यावे. मागे इमारतीचे नाव आणि आपण त्या घरात कोणत्या साली आलो ते लिहावे. कपाटातला खालचा खण त्यासाठी रिकामा करून ठेवला आहे.