दिनविशेष : 24 ऑगस्ट – करणीच्या आरोपाला कायद्याचा चाप

2013 : जादूटोणाविरोधी वटहुकमावर राज्यपालांची सही झाली. चारच दिवस आधी पुण्यात या कायद्यासाठी लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला होता. त्याआधी हे विधेयक कित्येक वर्षे विधिमंडळात रखडले होते. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला आणि 20 डिसेंबरला, म्हणजे नेमक्या गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, तो राजपत्रात आला.

या कायद्याची अनुसूची मुळातून वाचावी, त्यात आपले गावच दिसते. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, असे सांगून तिला छळणे हा गुन्हा आहे. गायीने दूध चोरले की नजर शेजारच्या एकट्या बाईच्या उंबऱ्याकडे वळते आणि मग दाराशी पडलेले हळदकुंकू लावलेले लिंबूही पुरावा ठरते. गंमत अशी, की युरोपातल्या चेटकिणींच्या खटल्यांतही दूध पळवल्याचा आरोप नेहमीचाच असे. अमेरिकेत सेलमला 1692 मध्ये 19 जणांना फासावर चढवले, पण तिथे निदान न्यायालय बसले होते. आपल्याकडे मांत्रिकाने बोट दाखवले की निकाल लागलाच.

या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड 5 ते 50 हजार रुपये. त्यामुळे मानोरा असो की रिसोड, वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही ठाण्यात अशी तक्रार घ्यावीच लागते. ‘गावातच मिटवा’ म्हणून बाईला परत पाठवता येत नाही.