मोऱ्याच्या धक्क्यावर, १४ एप्रिल १९४४

शुक्रवार आहे, दुपारचे चार वाजायला आलेत. तुम्ही मोरा बंदराच्या धक्क्यावर मुंबईहून येणाऱ्या लाँचची वाट बघत उभे आहात. उजव्या हाताला घारापुरीचा डोंगर, समोर वायव्येला पाण्यापलीकडे गोदीतल्या क्रेनची धूसर रेघ. उरणच्या मिठागरांत मिठाच्या राशी लागल्यात आणि ऊन डोळ्यांत खुपतंय.

युद्ध सुरू होऊन पाचवं वर्ष चाललंय. इथं कोणी गोळी झाडलेली नाही, तरी ते घराघरात शिरलंय. १९४२ साली ब्रह्मदेश पडला आणि रंगूनचा तांदूळ यायचा थांबला. मुंबईत गेल्या मे महिन्यापासून रेशनकार्डावर धान्य मिळतंय. कापडावर कंट्रोल आलाय, रॉकेलसाठी खेटे घालावे लागतात. शेजारी टोपली टेकवून बसलेली कोळीण पदराची गाठ सोडून पैसे मोजते, त्यात एक भोकाचा पैसा आहे. तांब्याची टंचाई झाली म्हणून सरकारनं पैशालाही भोक पाडलंय. रात्री इथून पूर्वी मुंबईचे दिवे दिसायचे. आता ब्लॅकआऊटमुळं पलीकडे नुसता काळोख असतो.

गोदीवर धूर दिसतोय, पण गोदीत धूर नवा नाही. तुम्ही नजर वळवता.

चार वाजून सहा मिनिटं. समोर आगीचा आणि धुराचा प्रचंड लोळ वर चढतो आणि पायाखालचे दगड हलतात. आवाज मात्र अजून आलेला नाही. मोऱ्यापासून व्हिक्टोरिया डॉक सुमारे दहा किलोमीटरवर, म्हणजे आवाजाला पाणी ओलांडायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात धक्क्यावर कोणी काही बोलत नाही. मग तो येतो, छातीवर आदळतो. कोळीण "आई गो!" म्हणून उठते. तिचा मुलगा सकाळीच कामाला पलीकडे गेलाय. अर्धा तास व्हायच्या आत दुसरा स्फोट होतो, पहिल्याहून मोठा. लोक म्हणतात, जपानी विमानं आली. दुसरं काय सुचणार?

तुम्ही आपल्या काळातून आलाय, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की विमान आलेलंच नाही. 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघून, कराचीला थांबून, १२ एप्रिलला मुंबईत लागलं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता आणि कराचीला त्यातच कापसाच्या ८,७०० गासड्या भरल्या. शिवाय तेल, लाकूड आणि सोन्याच्या विटा. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा त्यावर नव्हता. दोन दिवस ते व्हिक्टोरिया डॉकमध्ये भरवस्तीला लागून उभं राहिलं. मग त्यावर आग लागली आणि स्फोट झाला तो त्याचाच. गोदीतल्या कामगाराला आपण कशाशेजारी ओझी वाहतोय हे कोणी सांगितलं नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त हेच डाचतं. आग कशानंही लागली असेल. पण शेजारी काय आहे हे माहीत असण्याचा त्या माणसांचा हक्क युद्धाच्या नावाखाली आधीच काढून घेतलेला होता.

लाँच येत नाही. संध्याकाळ होते, अंधार पडतो आणि कित्येक महिन्यांनी मोऱ्यावरून मुंबई पुन्हा दिसते, आगीच्या उजेडात. धान्याची कोठारं जळताहेत, ज्या धान्यासाठी माणसं रांगा लावत होती तेच. 'जलपद्म' नावाचं आख्खं जहाज उसळलेल्या पाण्यानं उचलून धक्क्यावर टाकलंय. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागणार आहेत. धक्क्यावरचं कोणी घरी जात नाही. पलीकडून एखादा मचवा आला की सगळे पाण्यापर्यंत धावतात, माणसं मोजतात, नावं विचारतात. कोळीण प्रत्येक होडीवाल्याला तेच विचारते. तुम्ही तिला काय सांगणार?

उद्या वर्तमानपत्र आलं तरी त्यातून तिला काही कळायचं नाही. जपान्यांच्या ताब्यातला सायगाव रेडिओ १५ एप्रिललाच या स्फोटाची तपशीलवार बातमी देईल. आपल्याकडच्या बातमीदारांना मात्र ती पाठवायला सेन्सॉर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी देईल. शत्रूला जे दुसऱ्या दिवशी ठाऊक होतं, ते लपवून काय राखलं? ज्यांचं माणूस परतलं नाही, त्यांच्यापासूनच ते लपवलं गेलं.

हा हिशेब आजवर पुरता लागलेला नाही. आग विझवताना गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मोजले गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात आणि तो पाळलाच पाहिजे. पण एकूण मृतांचा आकडा कुठं आठशे, कुठं तेराशे असा सांगितला जातो. मधल्या पाचशेंत बहुतेक हमाल, खलाशी, रोजावर गेलेले मजूर असणार, ज्यांचं नाव कुठल्या हजेरीपटावर नव्हतं. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले.

मोरा, उरण, करंजा, रेवस या किनाऱ्यावर तुमचं घर असेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला या शुक्रवारबद्दल एकदा विचारा. आजोबांचा भाऊ, आत्याचा नवरा, कोणी पलीकडे गेलं आणि परतलं नाही असं ऐकलं, तर नाव आणि गाव लिहून ठेवा.