घरातला आवाज : इंदूरच्या मराठी घरांतील कर्णा, रेडिओ आणि स्पीकर

गणेशोत्सव जवळ आला की मंडपात कर्णे किती आणि कुठे बांधायचे यावर आपल्याकडे हमखास वाद होतो. घरातल्या स्पीकरवर तेवढी चर्चा होत नाही. पण गेल्या काही वर्षांत रामबाग, नारायण बाग या भागांतली आमची जुनी घरे एकेक करून पाडली जात आहेत, त्या जागी फ्लॅट उभे राहत आहेत, आणि सामान बांधताना एक प्रश्न घरोघरी येतो : दिवाणखान्यातल्या त्या दोन लाकडी पेट्यांचे काय करायचे? ठेवायच्या, द्यायच्या की भंगारात घालायच्या? आणि नव्या घ्यायच्या तर पुढची वीस-पंचवीस वर्षे टिकतील अशा कशा निवडायच्या? या प्रश्नाचे उत्तर दुकानदारापेक्षा आपल्याच गावाच्या इतिहासात अधिक चांगले सापडते, असे आम्हाला वाटते.

यंत्र येण्यापूर्वी गाणे ऐकायला घराबाहेर जावे लागे. होळकर दरबारात सारंगीनवाज बुंदू खाँ होते, धृपदिये नसीरुद्दीन खाँ डागर होते. ज्यांना दरबारात किंवा बैठकीत प्रवेश होता त्यांनी ते ऐकले. बाकीच्यांच्या वाट्याला देवळातले कीर्तन-भजन आले. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने भारतातली पहिली ध्वनिमुद्रणे केली आणि हळूहळू चावीची पेटी व तिचा कर्णा सुस्थितीतल्या घरांत आला. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे, आणि मंद्राचा पाया व वरच्या सुरांची धार, दोन्ही त्यात कापले जात. तरीही घरातल्या बायकांना बैठकीतले गाणे प्रथम ऐकायला मिळाले ते या पेटीमुळेच, हे विसरता येत नाही.

१९२५ साली दोन गोष्टी घडल्या. मायक्रोफोन लावून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले, आणि अमेरिकेत राइस व केलॉग या दोन अभियंत्यांनी आजच्या स्पीकरचा आराखडा मांडला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे छोटे वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदी शंकू. वेटोळ्यातून वीज खेळली की शंकू मागेपुढे हलतो आणि हवा हलवतो. शंभर वर्षे होत आली तरी बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच नीट बनवलेला जुना स्पीकर टाकाऊ होत नाही. मोबाइल पाच वर्षांत जुना होतो, स्पीकरचे तसे नाही.

आमच्या बहुतेक घरांत हा शंकू प्रथम आला तो रेडिओच्या लाकडी पेटीतून. मर्फी, फिलिप्स, बुश ही नावे घरच्या माणसांसारखी तोंडात असत. पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे. १९५२ साली आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार बंद केले तेव्हा सारे घर रेडिओ सिलोनकडे वळले. १९५५ मध्ये इंदूरला मालवा हाउसमधून आपले केंद्र सुरू झाले, १९५७ मध्ये विविध भारती आली. पेटीत स्पीकर एकच. त्यामुळे काय लावायचे आणि केवढ्याने लावायचे हे घरातले वडीलधारे ठरवत, आणि ऐकत मात्र सगळेच. भांडणे व्हायची, पण ती एकाच खोलीत व्हायची.

खरा बदल झाला तो लाँग प्ले तबकडीने. १९६० साली उस्ताद अमीर खाँ यांची एक तबकडी निघाली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवत. खाँसाहेबांचे बालपण आणि तालीम इंदूरची. म्हणून ही तबकडी आपल्या गावाने आपली मानली. पण ती ऐकायला रेडिओची पेटी पुरेना. त्यांचे अतिविलंबित गाणे मंद्रात सावकाश उतरते. तिथे शंभर हर्ट्झच्या आसपासचा स्वर हवा, आणि दोन स्वरांमधली शांतताही हवी. लहान पेटीत तो मंद्र स्वर एक तर गायब होई, नाही तर घुमे. चांगला स्पीकर म्हणजे काय, हे इंदूरच्या कित्येक रसिकांना कुणी शिकवले असेल तर या मारव्याने.

दुसरा आवाजही इथलाच. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या सिख मोहल्ल्यातला. तारसप्तकात तो आवाज बारीक होतो, पण टोचत नाही. स्पीकर वाईट असेल तर टोचतो. ‘स’ आणि ‘श’ फुत्कारू लागले, दहा मिनिटांत कान थकले, की समजावे दोष गाण्यात नाही, ट्वीटरमध्ये आहे. तिसरा आवाज देवासचा, इथून पस्तीसेक किलोमीटरवरचा. १९४८ साली क्षयाच्या आजारात हवापालटासाठी कुमार गंधर्व देवासला आले आणि तिथलेच झाले. एका फुप्फुसाच्या आधारावर त्यांनी पुढची गायकी उभी केली. त्यातली ती अचानक झेप, तो तुटक उच्चार आणि मागच्या तंबोऱ्यांची जवारी. मंद स्पीकरवर हे सगळे एकमेकांत मिसळून जाते.

सत्तर-ऐंशीच्या दशकात घराघरांत दोन स्वतंत्र पेट्या आल्या. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक ही देशी नावे. ज्यांचे कुणी आखातात किंवा अमेरिकेत होते त्यांच्याकडे बाहेरचा माल. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस थ्री फाइव्ह ए नावाचा बुटांच्या खोक्याएवढा स्पीकर बनवला, प्रक्षेपणाच्या गाडीत बसून कार्यक्रम तपासण्यासाठी. बीबीसीच्या स्पीकर-संशोधनाची एक मुख्य कसोटी साधी होती : ओळखीच्या माणसाचे प्रत्यक्ष बोलणे आणि स्पीकरमधून आलेले तेच बोलणे ताडून पाहायचे. आमच्या गावातले जुने श्रोते दुकानात जाताना आपलीच तबकडी बगलेत मारून नेत, त्यामागचा विचार हाच होता. आवाज पाठ असेल तरच खोट कळते.

म्हणून आज कुणी विचारले तर आम्ही एवढेच सांगतो. दुकानातला धडधडणारा नमुना ऐकून निर्णय घेऊ नका. वर सांगितलेले तीन आवाज न्या आणि प्रत्येकी निदान दहा-पंधरा मिनिटे ऐका. पहिल्या मिनिटाला चकित करणारा स्पीकर वर्षभरात नकोसा होऊ शकतो; दीर्घकाळ सोबत करतो तो थकवत नाही. खोली लहान असेल तर पेटीही लहान घ्या. फ्लॅटमध्ये मोठा वूफर भिंतीला लावून ठेवला की मारव्याचे पिठले होते. भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा, गुळगुळीत फरशीवर सतरंजी घाला. पैसे न खर्चता निम्मी सुधारणा होईल. ॲम्प्लिफायर फार दुबळा नको; त्याला ताणून वाजवले की ट्वीटर जळतात.

शेवटी शंकूच्या कडेची पट्टी पाहा. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो, रबराची पुष्कळ अधिक टिकते. जुन्या पेट्या फाटक्या वाजतात म्हणून कित्येक घरांनी टाकून दिल्या; खराब झाली होती ती फक्त ही पट्टी, आणि ती बदलता येते. चुंबक, शंकू, लाकूड सगळे शाबूत असते.

इंदूरजवळ पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. तबकड्या जपणारे कुणीतरी आहे याचे समाधान वाटते. पण संग्रहालय तबकडी जपेल, घरातले एकत्र ऐकणे जपणार नाही. आता प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र गाणे आहे. घरातला नातू आजोबांचा मारवा ऐकत नाही तो नावडतो म्हणून नव्हे. तो त्याच्या कानावरच पडत नाही. पूर्वी अभ्यास करता करता, भाजी निवडता निवडता तो पडत असे. मुले पुण्या-बंगळुरूला गेली, घरात दोघेच उरले, तर स्पीकर कशाला, असेही काही जण म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे. मुले सुट्टीला येतात तेव्हा जो आवाज चालू असतो, तोच त्यांच्या लक्षात घर म्हणून राहतो.

तेव्हा घर रिकामे करण्यापूर्वी त्या पेट्या एकदा जोडून पाहाव्यात. फाटके वाजले तर जाळी काढून पट्टी तपासावी. स्वतःला नकोच असतील तर मंडळात विचारावे. नव्याने संसार मांडणारे एखादे जोडपे आनंदाने घेऊन जाईल.